युद्ध संपल्यानंतरचा खर्च

इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांचा खर्च तोफा थांबल्या म्हणून थांबलेला नाही. ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासप्रकल्पाने २०२१ साली ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सर्व युद्धांचा अमेरिकेचा खर्च सुमारे ८ लाख कोटी डॉलर धरला. त्यातले २ लाख कोटींहून अधिक माजी सैनिकांच्या पुढच्या उपचारांसाठी, म्हणजे तेव्हा अजून द्यायचेच होते. तिथल्या कामगार संघटनांनी माजी सैनिकांच्या प्रश्नात लक्ष घातले, ते योग्यच. पाइपजोडणी कामगारांची संघटना लष्करातून बाहेर पडणाऱ्यांना १८ आठवडे वेल्डिंगसारखी कामे मोफत शिकवते आणि पुढे उमेदवारीही मिळवून देते. संघटनेने फक्त पगाराचे पाहावे, असा आक्षेप येतो. पण गणवेश उतरवल्यावर पोट हातच्या कामावरच भरायचे असते. शिवाय माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतले अनेक कर्मचारी संघटनांचे सभासद आहेत, कित्येक स्वतः माजी सैनिक. तिथली पदे कापली, की एकाच फटक्यात रोजगारही जातो आणि उपचारही.