शिक्षेतील सवलत आणि तुरुंगाची सुधारणा

(यवतमाळ येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



संयोजकांनी मला तुरुंग-सुधारणेवर बोलण्यास सांगितले आहे. हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे, कारण तुरुंग आपल्या चळवळीला परका नाही. याच जिल्ह्यात १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. १९७५ च्या आणीबाणीत येरवडा, नाशिक, नागपूर येथील तुरुंग आपल्याच माणसांनी भरले होते. कोठडी माणसाला सुधारण्याऐवजी अपमानाने कसे मोडते, हे या पिढ्यांनी स्वतः पाहिले. म्हणून कैद्याला माणूस माना, हा आपला आग्रह जुना आहे आणि तो योग्य आहे.

तथापि आज मला या आग्रहाची अवघड बाजू मांडायची आहे. आपण दयेची भाषा बोलतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे भुकेपोटी चोरी करणारा असतो. त्याच जागी बलात्काराचा आरोपी आला, की आपली भूमिका डळमळते. जाहीर सभेत आपण फाशीची मागणी करतो, आणि गावच्या बैठकीत ‘पोराचे आयुष्य कशाला बरबाद करता’ असे म्हणतो. या दोन्ही टोकांना त्या स्त्रीचा विचार मात्र कुठेच नसतो.

आपल्या विदर्भातच घडलेला एक खटला आठवा. २६ मार्च १९७२ च्या रात्री, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आईबाप गमावलेली, मोलमजुरी करणारी, जेमतेम चौदा ते सोळा वर्षांची मुलगी. आरोपी होते दोन पोलीस. तिच्या नावानेच तो खटला देशभर ओळखला गेला. मी ते नाव घेणार नाही. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, कारण काय, तर मुलीला शरीरसंबंधाची सवय होती! १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे स्पष्ट सांगून एकाला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असा तो तर्क. रात्री पोलीस ठाण्यात उभी असलेली एकटी मजूर मुलगी खाकी वर्दीला कसा विरोध करणार, हा प्रश्न न्यायमूर्तींना पडला नाही. १९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून तो प्रश्न विचारला. त्यातून देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात हरियाणातील एक प्रकरण आले. बावीस वर्षांच्या तरुणाची बलात्काराबद्दलची चार वर्षांची शिक्षा दोन वर्षांवर आणण्यात आली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते कृष्ण अय्यर. कैद्यांच्या बेड्या, एकांतवास, मारहाण यांविरुद्ध ज्यांनी निर्भयपणे निवाडे दिले, तेच हे कृष्ण अय्यर. त्यांच्याविषयी आपल्या सर्वांना आदर आहे. परंतु येथे सुधारणेचा विचार चुकीच्या जागी येऊन बसला. त्या निकालात आरोपीच्या तारुण्याचा आणि त्याच्या सुधारण्याच्या शक्यतेचा विचार आहे. तिच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब मात्र दिसत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की शिक्षा किती व्हावी आणि शिक्षा भोगताना माणसाला कसे वागवावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर अन्यायाच्या मापाने द्यावे लागते. दुसऱ्याचे उत्तर माणुसकीने द्यायचे असते. पहिल्यात सवलत देऊन दुसऱ्याचे श्रेय घेता येत नाही.

याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. भिंत नाही, बेडी नाही. शेती करायची आणि माणूस म्हणून जगायचे. पण तेथे राहणाऱ्यांच्या खुनाला कोणी किरकोळ अपराध म्हटले नव्हते. दोष पूर्णपणे मान्य करूनच त्यांच्यावर विश्वास टाकला गेला. खरी सुधारणा हीच.

याउलट न्यायालयातील सवलत कशी वाटली जाते ते पाहा. आंदोलनामुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. बलात्काराला किमान सात वर्षे आणि पोलीस कोठडीतील बलात्काराला किमान दहा वर्षे शिक्षा ठरली. पण ‘विशेष कारणे नमूद करून’ ती कमी करण्याची फट ठेवली गेली. १९८९ मध्ये हरियाणातील दोन पोलिसांची दहा वर्षांची शिक्षा याच फटीतून पाच वर्षांवर आली, आणि कारणांत फिर्यादी स्त्रीचे वर्तन होते! ती फट बुजायला २०१३ साल उजाडले. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच नागपूर खंडपीठाने बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, कपड्यांवरून केलेल्या स्पर्शाला बालकांसाठीचा विशेष कायदा लागत नाही असे ठरवून, तीन वर्षांची शिक्षा एका वर्षावर आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. या प्रकरणांत सवलत कैद्याच्या सुधारणेसाठी मिळालेली नाही. ती मिळाली ती पीडितेची किंमत कमी धरून.

मग फाशी हा उपाय आहे काय? नाही. २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी देहदंड नाकारला होता. आपल्या विधिमंडळाने २०२१ च्या डिसेंबरात मृत्युदंडाची तरतूद असलेले शक्ती विधेयक मंजूर केले. ते अंमलात आले नाही. शिक्षा जितकी भयंकर, तितके न्यायालय दोष ठरवताना कचरते. आणि आरोपी बहुधा ओळखीतला, नात्यातला असल्याने घरचेच मुलीला गप्प बसवतात. शिवाय फास कोणाच्या गळ्यात पडेल? देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, आणि बहुसंख्य दलित, आदिवासी व मागास समाजांतले आहेत. ज्या पारध्यांना कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्या बेड्यांकडे आजही कोण पाहतो? वकील नसलेला गरीब वर्षानुवर्षे आत कुजतो, आणि ज्याच्यामागे पाटील, पैसा वा वर्दी आहे त्याच्या हाती सवलत पडते. म्हणून कठोरतेपेक्षा निश्चितता मोलाची आहे: तक्रार त्याच दिवशी नोंदली जाणे, तपास नीट होणे, खटला लवकर संपणे.

आता थोडे स्वतःविषयी. अनेक वर्षांपूर्वी या जिल्ह्यातील एका गावी मी अशाच एका बैठकीत बसलो होतो. मजुराची मुलगी, बड्या शेतकऱ्याचा मुलगा. रक्कम ठरली, मुलीला मामाकडे पाठवायचे ठरले. बैठकीत आपल्या विचारांची माणसेही होती. मुलीचा बाप खाली मान घालून दाराशी उभा होता. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. शांतता राखली गेली, असे आम्ही नंतर एकमेकांना सांगितले. ती शांतता कोणी विकत घेतली आणि कोणाच्या जिवावर, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. अशा तडजोडीच्या बैठकीत बसू नका. बसवले तर उठून बोला. तक्रार द्यायला निघालेल्या बाईबरोबर ठाण्यात जा, खटला संपेपर्यंत तिच्या तारखांना हजर राहा, मनोधैर्य योजनेची मदत तिच्या पदरात पडेल हे पाहा. आणि त्याच आठवड्यात जिल्हा कारागृहात जाऊन वकील नसलेल्या कच्च्या कैद्यांसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. ही दोन कामे परस्परविरोधी आहेत असे कोणी म्हटले, तर त्याला सांगा की दोन्हींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे: कोणाच्याही देहाची आणि प्रतिष्ठेची किंमत त्याच्या जातीवरून, पैशावरून वा पूर्वायुष्यावरून ठरत नाही. हे ठाण्यात खरे असले पाहिजे, न्यायालयात खरे असले पाहिजे आणि तुरुंगाच्या भिंतीआडही खरे असले पाहिजे.