पाकळी आणि डस्टर



बालमित्रांनो, तुमची नाटुकली बघायला मीही उत्सुक आहे, म्हणून थोडक्यात बोलतो. सत्कारात मिळालेल्या गुलाबाची ही एक पाकळी, आणि हे वर्गातून मागवलेलं लाकडी डस्टर. दोन्ही एकदम सोडतो, बघा. डस्टर खट्‌कन पडलं, पाकळी गिरक्या घेत मागून आली. जड ते आधी पडतं, असं म्हणायला आपण मोकळे! अ‍ॅरिस्टॉटलही तसंच म्हणत होता, आणि शतकानुशतकं बहुतेकांनी ते मान्य केलं.

गॅलिलिओने मात्र एक प्रश्न विचारला. 1638 साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात तो आहे. समजा, मोठा दगड भरभर पडतो आणि लहान सावकाश. मग दोघांना एकत्र बांधलं तर? लहान दगड मोठ्याला मागे खेचणार, म्हणजे जोडी हळू पडणार. पण जोडीचं वजन तर मोठ्या दगडाहूनही जास्त, म्हणजे ती आणखी जोरात पडायला हवी. एकाच समजुतीतून दोन उलटी उत्तरं! म्हणजे समजूतच चुकीची. अकरावीत मला हे पहिल्यांदा उमगलं, त्या रात्री झोप लागली नव्हती.

जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते, हे खरंच आहे. पण तिला हलवायलाही त्याच पटीत जास्त जोर लागतो. म्हणून हवा नसेल तर हत्ती असो की मुंगी, पडण्याचा वेग दर सेकंदाला सुमारे 9.8 मीटर प्रतिसेकंदानेच वाढतो. पाकळीला अडवते ती हवा.

2 ऑगस्ट 1971 रोजी अपोलो 15 मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉटने, जिथे हवाच नाही अशा चंद्रावर उभं राहून, एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरलं. हातोडा सव्वा किलोहून जास्त, पीस जेमतेम 30 ग्रॅमचं. दोन्ही सोडली. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढी, त्यामुळे पडणं संथ. पण धुळीवर दोन्ही एकदमच टेकली. ते चित्रीकरण बघताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आता ही पाकळी डस्टरच्या लाकडी पाठीवर ठेवतो. समोरची हवा बाजूला सारायचं काम डस्टर करील, पाकळीची वाट मोकळी. पहिल्या रांगेतली ती दोन वेण्यांची मुलगी, ये बाळ, वर ये. मी सोडतो. तू पाकळीवरची नजर हलवू नकोस, आणि काय दिसलं ते माइकवर सगळ्यांना सांग.