गोष्ट वाचून दाखवताना
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेचे ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट व त्यापुढे अंथरलेली सतरंजी. दर शनिवारी मी तेथे मुलांना गोष्ट वाचून दाखवते. 'तोंडाने सांगता येते, मग वाचायची कशाला?' असे आमच्या सासूबाई विचारीत. सांगताना आपण घरचीच भाषा बोलतो. वाचताना पुस्तकातली भाषा मुलांच्या कानांवर पडते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तीसुद्धा एकेका रात्री सांगितलेल्या आठवणी म्हणून. मोठ्याने वाचताना ती कशी सरळ जिभेवर येते, पाहा.

आता माझी चूक सांगते. एकदा उत्साहाच्या भरात मी चौथीतल्या एका मुलीला म्हटले, 'पुढचे तू वाच.' ती नुसती पुस्तकाकडे पाहत राहिली. पोरे हसली. पुढचे दोन शनिवार ती आलीच नाही. तिला वाचता येत नव्हते, आणि निर्धास्तपणे ऐकत बसण्याची तिची एवढी एक जागा मी घालवली होती. शेवटी घरी जाऊन तिला घेऊन आले. तेव्हापासून गोष्टीच्या वेळी मी कुणाला वाचायला लावत नाही; 'तात्पर्य काय?' हेही विचारत नाही. तिला शेजारी बसवते आणि ओळीखालून बोट फिरवीत वाचते. परवा मी शेवटच्या ओळीवर आले, तोच पान उलटायला तिचा हात पुढे आला!

मागच्या मुलांना मात्र चित्रे दिसत नाहीत. शनिवारी आणखी दोघी आल्यात, तर तीन घोळके करता येतील.