तिठ्यावरचं बाकडं

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू आर्किटेक्ट, घरांवर बोल," असं मला सांगण्यात आलं. घरांचं तुम्ही मला दर मे महिन्यात फुकटात विचारताच, त्यामुळे ते नको. आज घराबाहेरच्या जागेवर बोलतो आणि माझ्या एका फसलेल्या प्रोजेक्टवर.

१९९६ साल. मी मुंबईत आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होतो. आमच्या गटाला लालबाग-परळ भाग मिळाला. तिथले नाके, फुटपाथ, गिरण्यांच्या दारासमोरचे मोकळे तुकडे, यांची नव्याने रचना करायची. मी खूश होतो, कारण गिरणगाव मला परकं नव्हतं. माझे वडील तिथेच गावच्या मंडळाच्या खोलीत राहिलेले. एका खोलीत वीस-पंचवीस जण; पाळ्या वेगवेगळ्या म्हणून झोपायला जागा पुरायची. बाकीचं आयुष्य गॅलरीत, जिन्यात आणि नाक्यावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढे मराठी शाळेत आपल्या वर्गात मुंबईहून काही मुलं मध्येच येऊन बसली, ती का आली हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही. त्यांतले दोघे आज इथे समोर बसले आहेत.

तर आम्ही मोजमापं घेतली, दोन आठवडे ट्रेसिंग पेपरवर रेषा मारल्या. एका बंद गिरणीच्या दारासमोर मी सरळ रांगेत आठ बाकडी टाकली, मध्ये गुलमोहर, कडेला दिवे. तिथेच रोज संध्याकाळी काही म्हातारे कामगार गिरणीच्या पायरीवर पत्ते खेळायचे. एक आजोबा आपल्याच पट्ट्यातले निघाले. मी मोठ्या अभिमानाने नकाशा त्यांच्यासमोर पसरला. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाकडी घातलंस, बरां केलंस. पण पत्ते खेळूक समोरासमोर बसूक होया मां? हय सगळे एका रांगेत बसान रस्त्याकडे बघीत रवतले. आमी काय सिनेमा बघूक बसतलंव?"

मला कळलं, पण मी नकाशा बदलला नाही. सबमिशनला दोन दिवस राहिले होते. मार्क चांगले पडले. परीक्षकांनी गुलमोहराचं कौतुक केलं. आजोबांकडे मात्र मी पुन्हा गेलो नाही, लाज वाटली.

त्याच वर्षी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनींचा विचार सुटा सुटा न करता एकत्र करावा, म्हणजे लोकांसाठी सलग मोकळी जागा मिळेल, असं सुचवलं होतं. १९९१ च्या नियमात तर गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते : एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाचा. २००१ मध्ये नियम बदलला. वाटे फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीचे करायचे, इमारतींखालची जमीन त्यातून वगळली. प्रकरण कोर्टात गेलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम उचलून धरला. सुमारे सहाशे एकरांतलं लोकांच्या वाट्याला किती उरलं, हे परळ स्टेशनला उतरून चालून बघा. माझ्या आठ बाकड्यांचं दुःख त्यापुढे काहीच नाही. तरी मी त्या पायरीशी अजून अडकलो आहे. मोठा नियम माझ्या हातात नव्हता, बाकडं वळवणं होतं.

आणि गंमत बघा, हे मला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. गावपळणीला आपण तीन दिवस तीन रात्री गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जाऊन राहायचो. झोपड्या कुणी आखून दिल्या होत्या? कुणी नाही. पण चुली लागल्या की दारं आपसूक समोरासमोर यायची, मध्ये अंगण सुटायचं. त्यात रात्री गप्पा आणि भजन. रामेश्वराचा कौल होऊन गावात परतताना आईला ते अंगण सोडवत नसे. अशी जागा मला कॉलेजात कुणी शिकवली नाही, आणि मीही कुणाला सांगितली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपला तिठा सुशोभित करावा असं आपल्यातल्या काहींच्या मनात आहे आणि नकाशा मी काढावा म्हणतात. काढतो, पैसे नकोत. पण लगेच नाही. आधी तिथे सकाळी कोण उभं राहतं, एसटीची वाट बघणाऱ्या बायका सावलीसाठी कुठे सरकतात, मासेवालीची पाटी कुठे टेकते, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, चतुर्थीला चाकरमानी कुठे गाठ घेतात, हे वहीत लिहायचं. उन्हाळ्यात एकदा, पावसात एकदा, चतुर्थीत एकदा. वर्ष जाईल. घाई असलेल्यांनी दुसरा माणूस बघावा, मला वाईट वाटणार नाही.

उद्या सकाळी साडेसहाला मी तिठ्यावर असेन. ज्यांची मुंबईची गाडी रात्रीची आहे त्यांनी यावं. वही-पेन्सिल माझी, चहा मात्र ज्याने मला भाषणाला उभं केलं त्याचा.