खारवलेले आमिष

जाळ्याने मासे धरणारा आणि गळाने मासे धरणारा ह्यांच्या व्यवसायात एक मोठा भेद आहे. जाळेवाल्याला केवळ मासा हवा असतो. गळवाल्याला मात्र मासा धरण्यापूर्वीच दुसरा एखादा जलचर हाताशी असावा लागतो. कोळंबी, तिसऱ्या, तारली, माकूळ असे काहीतरी गळाला लावल्यावाचून त्याचा दिवस सुरूच होत नाही. भरती साधली, वारा पडला, पाणी निवळले आणि टोपलीत आमिष मात्र नाही, अशी वेळ आली म्हणजे सारा दिवस फुकट जातो. उलट एखाद्या दिवशी बाजारात बारीक कोळंबीचे ढीग पडतात, आणि ती घरी आणून ठेवावी तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नासून जाते. ह्या दोन दिवसांची सांगड घालून देणारी वस्तू म्हणजे मीठ.

आमिष मिठात घालून ठेवण्याची ही युक्ती दिसायला साधी आहे; तथापि एके काळी दूरच्या एका समुद्रावर कित्येक जहाजांचा हंगाम तिच्यावर अवलंबून असे. उत्तर अटलांटिकमध्ये न्यूफाउंडलंड बेटाच्या आग्नेयेस समुद्राचा तळ उंचावून विस्तीर्ण उथळ प्रदेश झाला आहे. त्याला 'ग्रँड बँक्स' म्हणतात. येथला प्रमुख मासा कॉड. हाच मासा खारवून वाळवला म्हणजे पोर्तुगीज लोक त्याला 'बाकाल्याव' म्हणतात, आणि ह्या नावाने तो गोव्यातही परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावरून शिडाची जहाजे ह्या कॉडसाठी आठवडेच्या आठवडे समुद्रावर राहत. मासेमारी होई ती गळाने. आणि इतक्या गळांना इतके दिवस पुरेल एवढे आमिष आणावयाचे कोठून, हा प्रत्येक तांडेलापुढचा पहिला प्रश्न असे.

ताजे आमिष ऋतुमानाप्रमाणे मिळे. वसंतात हेरिंग, उन्हाळ्याच्या आरंभी कॅपेलिन नावाचा लहान मासा आणि पुढे माकूळ, असा त्याचा क्रम होता. बर्फात ते थोडे दिवस टिके. म्हणून पुष्कळ जहाजे निघतानाच खारवलेल्या शिंपल्यांची पिंपे बरोबर घेत. मॅसॅच्युसेट्स व मेन ह्या प्रांतांच्या किनाऱ्यावरील माणसे ओहोटीच्या चिखलातून शिंपले उकरीत, त्यांतील मांस काढीत आणि ते मिठात थरावर थर देऊन पिंपांत भरीत. धरलेला कॉड खारवून आणण्यासाठी जहाजावर मीठ असेच. म्हणजे आमिषही खारे आणि त्याने धरलेला मासाही खारा, असा हा सारा मिठाचा संसार होता.

ताज्या आमिषाला मासा अधिक लवकर लागतो, हे त्या खलाशांना पुरते ठाऊक होते. परंतु ताजे आमिष विकत घ्यावयाचे तर परक्या बंदरात शिरावे लागे. 1818 च्या इंग्लंड-अमेरिका कराराप्रमाणे अमेरिकन मच्छीमारांना ब्रिटिश अमेरिकेच्या बहुतेक बंदरांत आसरा, दुरुस्ती, लाकूड आणि पाणी ह्या चार कारणांपुरताच प्रवेश होता. आमिषाचे नाव त्यात नव्हते. 1886 च्या मे महिन्यात 'डेव्हिड जे. ॲडम्स' हे अमेरिकन जहाज नोव्हा स्कोशियातील डिग्बी येथे आमिष खरेदी केल्याच्या आरोपावरून जप्त करण्यात आले, आणि दोन सरकारांत खलित्यांची देवघेव सुरू झाली. 1887 मध्ये न्यूफाउंडलंडने आमिषाच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदाच केला. त्याचा रोख मुख्यतः फ्रेंच मच्छीमारांवर होता. आमिष मिळेना, तेव्हा फ्रेंचांनी समुद्राच्या तळाशी राहणारे शंखातले प्राणी धरून ते गळाला लावण्यास प्रारंभ केला. ज्याच्या जहाजावर खारवलेल्या शिंपल्यांची पिंपे होती, त्याला ह्या भांडणाची झळ कमी लागे. मासे थोडे कमी मिळत, पण कोणाच्या दारात उभे राहावे लागत नसे.

आजही ही रीत लोपलेली नाही. मेनच्या किनाऱ्यावर शेवंडीच्या जातीचा लॉब्स्टर धरताना पिंजऱ्यात खारवलेले हेरिंग ठेवतात. चेसापीक उपसागरात लांब दोरीने खेकडे धरणाऱ्यांचे जुने आमिष म्हणजे खारवलेली वाम. ह्या दोन्ही ठिकाणी आमिष तासन्‌तास पाण्यात राहावे लागते, आणि तेथेच मिठाचा गुण दिसून येतो.

हा गुण कशाचा? मासा नासतो तो मुख्यतः सूक्ष्म जंतूंमुळे आणि त्याच्या स्वतःच्या शरीरातील पाचक रसांमुळे. जंतूंना वाढण्यास पाणी लागते. मीठ मांसातील पाणी बाहेर ओढून घेते, स्वतः आत शिरते आणि आत राहिलेले पाणी जंतूंच्या उपयोगाचे उरू देत नाही. त्याचबरोबर मांस घट्ट व चिवट होते. ताजी सोललेली कोळंबी गळ दूर फेकताना पुष्कळदा निसटून जाते, किंवा बारीक मासे ती कुरतडून नेतात. खारवलेली कोळंबी गळाला धरून राहते.

खारवणीची कृती अवघड नाही, मात्र ती वेळेवर झाली पाहिजे. कोळंबी आणल्याबरोबर तिचे डोके काढावे, कारण पाचक रस डोक्याच्या भागात असतात आणि त्यांनी मांस लवकर मऊ पडते. मग पाणी निथळू द्यावे. चिनी मातीच्या अगर काचेच्या बरणीत तळाला जाड्या मिठाचा थर द्यावा, त्यावर कोळंबीचा एकेरी थर, पुन्हा मीठ, अशा क्रमाने बरणी भरावी आणि वर मिठाचाच थर येऊ द्यावा. वजनाच्या मानाने तीन भाग कोळंबीस एक भाग मीठ धरल्यास सहसा कमी पडत नाही. धातूचे भांडे मिठाने गंजते, म्हणून ते टाळावे. एक दिवसाने तळाशी पाणी सुटलेले दिसेल. ते ओतून टाकावे, ताजे मीठ घालावे, आणि दोन-तीन दिवसांत पाणी सुटण्याचे थांबले म्हणजे आमिष कोरड्या मिठात घोळून झाकणाच्या बरणीत, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे.

तारली आणि बांगडा ह्यांच्या बाबतीत थोडी अधिक काळजी घ्यावी लागते. त्यांच्या अंगात तेल पुष्कळ असते. मीठ जंतूंना आवरते, परंतु हवेने तेल खवट होते ते त्याला आवरता येत नाही. म्हणून असे मासे चिरून, पोट साफ करून, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावेत, म्हणजे हवा लागत नाही; आणि ते लवकर वापरून संपवावेत. क्वचित खाऱ्या मांसावर गुलाबी छटा येते. मिठागरातील आटत्या पाण्याला तांबूस रंग आणणारे जे सूक्ष्म जीव असतात, त्यांच्याच जातीचे ते असतात. असे आमिष टाकून द्यावे आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.

मीठ कोणते घ्यावे, हाही विचार आहे. अगदी बारीक मीठ मांसाच्या पृष्ठभागावर झपाट्याने काम करते; वरचा थर आवळून घट्ट होतो आणि आत मीठ नीट पोहोचत नाही. जाडे मीठ सावकाश विरघळते आणि खोलवर जाते. मिठागरातून काढलेले मीठ ढीग घालून निथळू दिलेले असावे, कारण त्यातील कडवट क्षार हवेतील ओल ओढून घेतात.

ह्या जाड्या मिठाची गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्याला कधीच वाण नव्हती. तरीही ते एके काळी दुर्मिळ करण्यात आले. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोव्यातील मीठ उत्पादनावरील ताबा इंग्रजांकडे गेला. ब्रिटिश हद्दीतल्याप्रमाणे मिठावर कर बसला आणि 1892 मध्ये करार संपेपर्यंत दारच्या मिठागरातले मीठही महाग राहिले. ब्रिटिश हिंदुस्थानात तर सरकारलाच मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या किनाऱ्यांवर मासे खारवण्याचे अड्डे काढून तेथे सवलतीचे मीठ पुरवावे लागले. मिठावरचा तो कर 1947 मध्ये रद्द झाला. ज्याच्या धंद्याला मूठ मूठ मीठ लागते, त्याला कराचे ओझे किती जाणवले असेल ह्याची कल्पना करता येते.

आता वापराविषयी. खारवलेले आमिष गळाला लावण्यापूर्वी काही मिनिटे समुद्राच्या पाण्यात भिजवावे, म्हणजे ते लवचिक होते आणि वरचे मीठ निघून जाते. पाण्यात विरघळणाऱ्या मांसरसावरून मासे अन्न ओळखतात. खारवताना ह्या रसाचा काही भाग निथळून गेलेला असतो, म्हणून एकाच रात्रीपुरते मिठात ठेवलेले आमिष अधिक गंध देते, तर चार दिवस ठेवलेले अधिक टिकते. उद्याच्या भरतीसाठी पहिले, पुढच्या पंधरवड्यासाठी दुसरे, असा हिशेब ठेवावा. तळाशी हुंगत फिरणारे मासे आणि खेकडे ह्यांना ते चालते. परंतु जिताड्यासारखा, म्हणजे गोव्यातल्या चोणकासारखा, हलत्या भक्ष्यावर झडप घालणारा मासा जिवंत आमिषालाच अधिक भुलतो. त्याच्यापुढे बरणीतली कोळंबी फारशी उपयोगी पडत नाही.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. मीठ असलेला ताजेपणा पुष्कळ अंशी राखते. गेलेला ताजेपणा परत आणीत नाही. दिवसभर उन्हात पडलेली, वास सुटलेली कोळंबी मिठात घातली तर हाती खारट घाणच लागते. म्हणून संध्याकाळी उरलेले आमिष 'उद्या पाहू' म्हणून बाजूला न ठेवता होडीवरच मिठात घालावे. आमिष विपुल मिळेल त्या दिवशी अर्धा तास त्याच्या खारवणीला दिला, तर काहीच न मिळणाऱ्या दिवशी गळ रिकामा राहत नाही.