जंक्शन कोणाच्या मालकीचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणातील काही भाग)



माझ्या पिढीने मनमाडचे जुने स्थानक पाहिलेले आहे. मुंबईकडून येणारी गाडी रुंद रुळांची आणि मराठवाड्यात जाणारी मीटरगेजची. माल एका वाघिणीतून दुसरीत जाई तो हमालांच्या पाठीवरून. तो मार्ग रुंद झाला नव्वदच्या दशकात, तोही मराठवाड्याने वर्षानुवर्षे चळवळ केल्यानंतर.

संगणकांच्या जाळ्यांची कथा याहून फारशी निराळी नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत अर्पानेट होते, फ्रान्समध्ये लुई पूझँ यांचे सिक्लाद होते. प्रत्येकाचे नियम वेगळे. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी निबंध प्रसिद्ध केला, त्यातील कल्पना मनमाडचीच म्हणावयाची. कोणत्याही जाळ्याला आपले रूळ उखडावयास लावू नये. सीमेवर एक गेटवे ठेवावा. त्याने माहितीचे पुडके एका लिफाफ्यातून काढून दुसऱ्यात घालावे. आतील पत्ता मात्र सर्वांना उमगेल असा असावा. पुडके वाटेत हरवले, तर ते पुन्हा पाठविण्याची जबाबदारी गेटवेची नव्हे, दोन टोकांच्या संगणकांची. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने हीच पद्धती अंगीकारली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट विशेष जाणवते. हे नियम खुलेपणाने प्रसिद्ध झाले. ते वापरण्यासाठी कोणाला परवाना काढावा लागला नाही. म्हणूनच आज एका कंपनीच्या ई-मेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पत्र जाते. परंतु त्याच सार्वजनिक रुळांवर पुढे खाजगी स्थानके उभी राहिली. एका संदेश-अ‍ॅपवरचा माणूस दुसऱ्या अ‍ॅपवरच्या माणसाला एक ओळही लिहू शकत नाही, असेच बहुतांशी चालत आले. यात तंत्राची अडचण फारशी नव्हती, अडचण होती ती नफ्याची. जेथे सर्व आप्तेष्ट, तेथेच आपणांस जावे लागते. मग भिंत जितकी उंच, तितका मालक सुरक्षित. युरोपीय संघाने २०२२ साली कायदा करून सर्वांत मोठ्या संदेश-सेवांना, मागेल त्या प्रतिस्पर्ध्यासाठी दार उघडण्याचे बंधन घातले.

आपल्याकडे एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले. ते चालविणारी संस्था बँकांनी उभारलेली आणि ना-नफा तत्त्वावरची. कोणत्याही बँकेतून कोणत्याही बँकेत, कोणत्याही अ‍ॅपमधून पैसे जातात. भाजीवालीचे खाते कोठे आहे हे आपण विचारीतही नाही. मी त्याचा टीकाकार नाही, रोजचा वापरकर्ता आहे. तथापि जंक्शन सर्वांचे असूनही ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यवहार दोनच अ‍ॅप्सच्या हाती गेले, आणि त्या दोहोंमागे अमेरिकी भांडवल आहे. कोणत्याही एका अ‍ॅपकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. त्याच्या अंमलबजावणीस दोनदा मुदतवाढ मिळाली. दुसरी, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची. साध्या कर्जदार शेतकऱ्याला एवढी सवड कोणत्या बँकेने दिली आहे?