घामाचं मोल

परभणीत सामना असला की मैदानाच्या कडेला उभा राहणारा मी एक प्रेक्षक. कॉलेजसाठी खेळणाऱ्या पोरांना मानधन द्यावं, असं मी म्हटलं की लोक म्हणतात, ‘पैसा आला की खेळ बिघडतो.’ मला ते पटत नाही.

बास्केटबॉलचा महान खेळाडू मायकेल जॉर्डन कॉलेजकडून तीन हंगाम पगाराविना खेळला. आता, जुलै २०२५ पासून, अमेरिकेतली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात.

आपल्या खाशाबा जाधवांकडे १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! पण असे प्राचार्य किती जणांना भेटणार?

परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. तिथं रोख बक्षीस असतं, म्हणून ४२ किलोमीटर काही कमी होत नाहीत.

पैशानं कुणी महान होत नाही, हे खरंच. पण खुराक आणि बुटांवाचून कितीतरी पोरं मैदान सोडतात. त्यांच्यात एखादा खाशाबा होता की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही.